पदक दिसतं, वस्ताद दिसत नाही



पिकाच्या बाबतीत आपण एक गोष्ट कधी विसरत नाही. शेतात भरघोस पीक उभे राहिले की बघणारा आधी विचारतो, "बियाणं कुणाचं? रोप कुठून आणलं?" टोमॅटो असो, कांदा असो, नाहीतर आडसाली ऊस असो, चांगल्या पिकामागे चांगली रोपवाटिका असते हे आपल्याला पक्के ठाऊक आहे. पण पोराने कुस्तीत, कबड्डीत, धावण्यात नाव काढले की हाच प्रश्न विचारायचे आपण विसरतो. पोराला हार घालतो, फटाके वाजवतो, चौकात फलक लावतो. त्या पोराला पहिल्यांदा मातीत उभा करणारा माणूस मात्र गर्दीत मागे कुठेतरी टोपी हातात धरून उभा असतो.

आज लिहायचे आहे ते त्या माणसाबद्दल. आपल्याकडे त्याला वस्ताद म्हणतात. घरचे दोन-तीन एकर रान तो सांभाळतो, बायकापोरांना जीव लावतो, पहाटे तालमीत पोरे घडवतो आणि उरलेला वेळ नदी, डोंगर, रान यांच्या संगतीत काढतो. सरकारी कागदावर तो कुठेच नसतो. पण त्याच्याशिवाय एकही पदक गावात आलेले नाही.

याचा सगळ्यात मोठा दाखला आपल्याच मातीतला आहे. २०२४ पासून महाराष्ट्रात १५ जानेवारी हा राज्य क्रीडा दिन म्हणून पाळला जातो. हा खाशाबा जाधव यांचा जन्मदिवस. कराडला लागून असलेल्या गोळेश्वर गावी १९२६ साली त्यांचा जन्म झाला. १९५२ साली हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये ५७ किलो वजनगटात त्यांनी कांस्यपदक मिळवले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. त्यानंतर दुसरे वैयक्तिक पदक यायला १९९६ साल उजाडावे लागले, लिअँडर पेस यांचे. कुस्तीतले पुढचे पदक तर २००८ साली सुशील कुमार यांनी आणले, म्हणजे मध्ये ५६ वर्षे गेली. एवढा मोठा तो पराक्रम. शाळेच्या कार्यक्रमात हे सगळे सांगितले जाते आणि ते चांगलेच आहे.

पण खाशाबांच्या वडिलांचे नाव किती जणांना सांगता येईल? त्यांचे नाव दादासाहेब जाधव. ते शेतकरी होते आणि स्वतः मल्ल होते. पाच भावांत खाशाबा धाकटे. वयाच्या पाचव्या वर्षापासून वडिलांनी त्यांना कुस्तीचे धडे द्यायला सुरुवात केली. म्हणजे ऑलिंपिकच्या पदकाची पेरणी गोळेश्वरात झाली, तीही एका शेतकऱ्याच्या हाताने. त्याच्याकडे प्रशिक्षक म्हणून कुठले प्रमाणपत्र नव्हते, पगार नव्हता, गादी नव्हती. होती ती माती आणि पोरावरची माया. पुढे खाशाबा कुस्तीबरोबर पोहणे, मल्लखांब, वजन उचलणे यांतही तयार झाले. कृष्णा-कोयनेच्या काठचे पोर, ते पाण्याला भिणार कशाला?

पुढचा प्रवासही वस्तादांच्याच खांद्यावरून झाला. कराडच्या टिळक हायस्कूलमध्ये शिक्षण झाले, मग कोल्हापूरचे राजाराम कॉलेज. बाबूराव बलवडे, बेलापुरे गुरुजी, गोविंद पुरंदरे अशा मंडळींनी त्यांना घडवले. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकला ते गेले तेव्हा खर्चाचा भार कोल्हापूरच्या महाराजांनी उचलला. आयुष्य लाल मातीत गेलेले, तिथे एकदम गादीवरची कुस्ती आणि परदेशी नियम. तरीही सहावा क्रमांक मिळवून आले. आल्यावर गप्प बसले नाहीत, चार वर्षे नव्याने तयारीला लागले.

१९५२ साली निवड करताना त्यांना आधी डावलण्यात आले होते. त्यांनी पतियाळाच्या महाराजांकडे दाद मागितली, पुन्हा कुस्ती लावून घेतली आणि प्रतिस्पर्ध्याला चीत करून आपली जागा मिळवली. आता प्रश्न पैशाचा. गावाने वर्गणी काढली. मुंबई सरकारकडून ४००० रुपये मिळाले. आणि राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचे घर गहाण टाकून ७००० रुपये उभे केले. वाचकहो, १९५२ सालचे सात हजार! एका शिक्षकाने आपल्या विद्यार्थ्यासाठी डोक्यावरचे छप्पर पणाला लावले. कर्जासाठी घराचा कागद बँकेत ठेवताना घरातल्या माणसांचे चेहरे कसे होतात ते तुम्हाला वेगळे सांगायला नको.

हेलसिंकीत त्यांनी कॅनडा, मेक्सिको आणि जर्मनीच्या मल्लांना हरवले. जपानच्या शोहाची इशी यांच्याशी लांबलेली झुंज हरले. इशी यांनीच पुढे सुवर्णपदक घेतले. त्या दमछाकीनंतर पुरेशी विश्रांती न मिळता त्यांना सोव्हिएत मल्लाशी लढावे लागले, आणि त्यांच्या बाजूने दोन शब्द बोलायला आपला अधिकारी तिथे हजर नव्हता, असे सांगितले जाते. पदक २३ जुलै १९५२ रोजी हाती आले. गावी परतले तेव्हा शंभरावर बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. कुणीतरी औत सोडून, बैलांना झूल घालून, आपली गाडी जुंपून आला होता. पहिला सत्कार शेतकऱ्यांनी केला, हे लक्षात ठेवा.

आणि मग खाशाबांनी काय केले? कोल्हापुरात कुस्त्यांचे मैदान भरवले, स्वतः कुस्त्या मारल्या आणि त्या पैशातून खर्डेकर सरांचे घर सोडवून दिले. माझ्या मते पदकाइतकीच ही गोष्ट मोठी आहे. ज्याने रोप लावले त्याचे ऋण पीक निघाल्यावर आधी फेडायचे, ही शेतकऱ्याच्या घरची शिकवण.

१९५५ साली ते पोलीस खात्यात फौजदार म्हणून लागले. खात्याच्या स्पर्धा जिंकल्या, क्रीडा मार्गदर्शक म्हणूनही काम केले. बढतीची मात्र फार वर्षे वाट पाहावी लागली. १९८३ साली सहायक पोलीस आयुक्त म्हणून निवृत्त झाले आणि लगेच पुढच्या वर्षी, १४ ऑगस्ट १९८४ रोजी, रस्त्यावरच्या अपघातात गेले. अर्जुन पुरस्कार त्यांच्या नावाने जाहीर झाला तो २००० साली, मरणोत्तर. पदकानंतर ४८ वर्षांनी आणि मृत्यूनंतर १६ वर्षांनी. त्यांच्या गावी कुस्ती संकुल व्हावे म्हणून पदक लिलावात काढण्याची वेळ आली आहे, असे कुटुंबीयांना २०१७ साली जाहीरपणे सांगावे लागले होते. ज्याला पदक मिळाले त्याची ही कथा. मग ज्याला पदकच मिळाले नाही, फक्त पोरे घडवली, त्याची कोण दखल घेणार?

कामानिमित्त गावोगाव फिरताना मी अशी माणसे बघतो. गेल्या उन्हाळ्यात माझ्या कार्यक्षेत्रातल्या एका गावचे वस्ताद वारले. नाव लिहीत नाही, कारण तसा माणूस तुमच्याही गावात आहे किंवा होता. रान तीन एकर, त्यातले एक जिरायत. पहाटे चारला तालमीचे दार उघडायचे. आधी हौद्यातली माती फावड्याने उकरायची. ताक, तेल, हळद, लिंबू घालून ती माती ते अशी मऊ ठेवायचे की आमच्या गादीवाफ्याला लाज वाटावी. मी एकदा गमतीने म्हटले, "मामा, या मातीचा नमुना तपासायला नेऊ का?" ते म्हणाले, "न्या की. पर त्यात घाम निघंल, तो तुमच्या कागदात कुठं लिवणार?"

दिवस उगवला की ते वैरण-पाण्याला लागायचे. मालकीणबाईंना पाठदुखीचा त्रास होता, म्हणून धारा स्वतः काढायचे. दोन मुलींना शिकवले. एक आज नर्स आहे. मे महिन्यात विहिरीवर गावातल्या पोरांना पोहायला शिकवायचे. कमरेला सुकलेल्या पांगाऱ्याचा ओंडका बांधायचे आणि वर स्वतः दोर धरून उभे राहायचे. पावसाळ्याच्या तोंडाला पोरे घेऊन डोंगरावर जायचे. वर जाताना कुठली वनस्पती विषारी, कुठल्या झऱ्याला पाणी कधी आटते, सापाच्या वाटेला का जाऊ नये, हे सगळे बोलता बोलता शिकवायचे. येताना प्रत्येक पोराच्या खिशात करंज, चिंच, बाभळीचे बी असायचे. ते बांधावर टोचायचे. कुणाकडून एक पैसा फी घेतली नाही. त्यांच्या हाताखालची पोरे आज सैन्यात आहेत, पोलिसात आहेत, काही चांगली शेती करतात. व्यसनापासून लांब राहिलेली तर कितीतरी.

शोकसभेला गाव लोटले. भाषणे झाली. "वस्तादांच्या नावाने तालीम बांधू" असे जाहीर झाले, टाळ्या पडल्या. चार महिन्यांनी मी तिथे गेलो तेव्हा तालमीत खताच्या गोण्यांची थप्पी लागली होती. हौद्यातली माती दगडासारखी घट्ट झाली होती. मोडतोड कुणी केली नव्हती. फक्त रोज उकरणारा हात थांबला होता. न कसलेल्या रानात एका हंगामात हराळी होते, तसेच हे.

आता कुणी म्हणेल, "साहेब, तुम्ही खत-बियाण्याचं बोला. कुस्तीनं कुणाचं पोट भरलंय?" प्रश्न रास्त आहे. आपल्या गावातून ऑलिंपिकला जाणारे पोर शंभर वर्षांत एखादे निघेल. स्वप्नील कुसाळे यांनी १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिसला नेमबाजीत कांस्यपदक घेतले, ते राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचे. खाशाबांनंतर महाराष्ट्राच्या मल्ल-खेळाडूंमधून वैयक्तिक ऑलिंपिक पदक यायला ७२ वर्षे लागली. त्यांचे वडील शिक्षक, आई गावच्या सरपंच. पोराचा कल ओळखून वडिलांनी त्याला शासनाच्या क्रीडा प्रबोधिनीत घातले. इथेही घर आधी उभे राहिले, सत्कार नंतर झाले.

पण मी पदकासाठी हे लिहीत नाही. कारण वेगळे आहे आणि ते रोज पहाटे रस्त्यावर दिसते. पोलीस भरतीला मुलांना १६०० आणि मुलींना ८०० मीटर धावावे लागते. गावोगावची पोरे-पोरी त्याची तयारी करतात. कुठे? डांबरी रस्त्यावर. अंधारात. ऊस तोडणीच्या हंगामात, दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर कारखान्याकडे चाललेले असतात. मागच्या ट्रॉलीला ना दिवा, ना लाल पट्टी. त्याच रस्त्याच्या कडेने सतरा-अठरा वर्षांची आपली लेकरे धावतात. का? तर गावात मैदान नाही. होते, पण त्याच्या एका कोपऱ्यात उकिरडा आला, दुसऱ्यात कडब्याची गंजी, तिसऱ्यात कुणाची तरी टपरी. आणि पोरांना "रस्त्यावर धावू नका" म्हणणारा वस्तादही उरला नाही. एखादे दिवशी अपघात होईल, मग आपण पुन्हा शोकसभा घेऊ. ती वेळ यायच्या आधी गावाला बरेच काही करता येण्यासारखे आहे. माझ्या अल्प अनुभवातून चार गोष्टी सुचवतो.

पहिली गोष्ट जागेची. गावातल्या मैदानाची आणि तालमीची नोंद कुठे आहे, कोणाच्या नावावर आहे, हे आधी बघा. तलाठी भाऊसाहेबांकडे सात-बारा काढा (आता पदाचे नाव ग्राम महसूल अधिकारी झाले, पण आपण भाऊसाहेबच म्हणतो), ग्रामपंचायतीचा नमुना ८ पाहा. गरज असेल तर मोजणी करून घ्या आणि हद्दीला दगड नाही तर झाडे लावा. नोंद नसलेले मैदान म्हणजे बांध नसलेले रान, शेजारी दर वर्षी एक तास सरकवणारच.

दुसरी गोष्ट अनुदानाची. व्यायामशाळा विकास आणि क्रीडांगण विकास अशा शासनाच्या अनुदान योजना आहेत. चौकशी जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात करावी. ग्रामसभेचा ठराव आणि जागेचे कागद तयार असले की निम्मे काम होते. कागद नाहीत म्हणून प्रस्ताव परत आल्याची रड मी अनेक गावांत ऐकली आहे. ठिबकच्या फाईलला जशी कागदपत्रे जुळवता, तशीच ही जुळवा.

तिसरी गोष्ट वस्तादांच्या मानधनाची, आणि यात्रा कमिटीने ही विशेष मनावर घ्यावी. यात्रेच्या कुस्त्यांना आपण मोठी वर्गणी काढतो. बाहेरचे नामांकित मल्ल बोलावतो, एका जोडीवर मोठी रक्कम लावतो. लावा, मैदान रंगलेच पाहिजे. पण जमलेल्या दर दहा रुपयांतला एक रुपया गावच्या वस्तादासाठी बाजूला काढा. वर्षभर माती उकरणाऱ्याला काहीच नाही आणि अर्ध्या तासाच्या कुस्तीला सगळे, हा हिशोब बरोबर नाही. पोराचा हात मोडला, खुबा निखळला तर दवाखान्याचा खर्चही याच पैशातून व्हावा. म्हणजे गरिबाघरची आईसुद्धा पोराला निर्धास्त तालमीत पाठवेल.

चौथी गोष्ट मुलींची. तालीम म्हणजे पोरांची जागा, हे आता सोडा. मुलींसाठी वेगळी वेळ ठरवा, सोबत गावातली एखादी जाणती बाई किंवा शाळेतल्या बाई असू द्या. भरती मुलींचीही होते आणि अंधाऱ्या रस्त्याचा धोका त्यांना दुप्पट.

एवढे केले तरी नवा वस्ताद कुठून आणायचा, असे विचाराल. बाहेरून आणू नका. गावात सैन्यातून निवृत्त झालेला कुणी असतो, जुना मल्ल असतो, कबड्डीचा जुना गडी असतो. त्याला ग्रामसभेत बोलावून मानाने सांगा, "दादा, ही किल्ली तुमच्याकडे." माणूस पैशाआधी मानाला भुकेला असतो. आणि आज जो वस्ताद आहे, त्याच्याकडून शिकलेल्या पोरांची नावे एका वहीत लिहून ठेवायला शाळेतल्या मुलांना सांगा. तालमीच्या भिंतीवर देणगीदारांची फरशी बसवतोच, तिच्या वर वस्तादांच्या नावांची फरशी बसवा. जिवंत वस्तादाचे नावही त्यात असू द्या. नाव वाचायला तो स्वतः हजर असला म्हणून काही बिघडत नाही.

दादासाहेब जाधवांनी आपल्या धाकट्या पोराला मातीत उतरवले तेव्हा त्यांच्या डोळ्यांपुढे हेलसिंकी नसणार. पोरगा निरोगी व्हावा, सरळ वागावा, चार माणसांत ताठ उभा राहावा, एवढीच बापाची अपेक्षा असते. पदक हे त्या कष्टाला आलेले जास्तीचे कणीस. पीक तर पोरांच्या तब्येतीत आणि वागण्यात दर वर्षी येते, फक्त ते बाजार समितीच्या काट्यावर मोजता येत नाही.

येत्या ग्रामसभेच्या विषयपत्रिकेवर पाणी, रस्ता, घरकुल असेलच. त्याखाली एक ओळ वाढवून घ्या: "गावचे मैदान, तालीम व वस्तादांचे मानधन याबाबत निर्णय घेणे." विषय अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी नको, आधी लेखी द्या आणि पोच घ्या. सभेला तालमीतली पोरे-पोरी घेऊन या. त्यांच्यासमोर ठराव नामंजूर करणे कुणालाही जड जाईल.